संगणक एक, खाती अनेक, आवाज कोणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या अभ्यासिका, वाचनालये आणि सोसायट्यांची कार्यालये यांत एकच संगणक दिवसभरात अनेक जण वापरतात. प्रत्येकाचे खाते वेगळे, हेडफोन मात्र एकच. अशा ठिकाणी हमखास तीन तक्रारी ऐकू येतात. ‘माझ्या खात्यात आधीच्या माणसाचे लेक्चर वाजते आहे’, ‘माझ्या खात्यात आवाजच येत नाही’ आणि तिसरी, सर्वांत वैताग आणणारी, ‘काल येत होता, आज नाही’. त्यावरचा रूढ उपाय म्हणजे नवे स्पीकर घेणे, मग नवे साउंड कार्ड, आणि शेवटी ‘लिनक्सवर आवाजाचा त्रास असतोच’ असा शेरा. आम्ही सामाईक संगणकांच्या देखभालीचे काम करतो. यातले बहुतेक स्पीकर फुकट बदलले जातात, म्हणून हे पत्र.

हा प्रश्न आत्ताच का वाढला, तेही सांगायला हवे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि, इंटेलचा प्रोसेसर असेल तर, साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. महापे, ऐरोली, वागळे इस्टेटमधल्या कार्यालयांतून बाहेर पडून स्वस्तात विकले जाणारे बरेच डेस्कटॉप त्यात बसत नाहीत. मग त्यांवर उबुंटू, मिंट किंवा डेबियन यांपैकी एखादे लिनक्स टाकले जाते. निर्णय योग्यच आहे. पण खाते बदलल्यावर आवाजाचे काय करायचे, याचा विंडोजचा आणि लिनक्सचा नियम एकमेकांच्या उलट आहे. हे न सांगताच यंत्र ताब्यात दिले जाते.

नियमाकडे वळण्याआधी एक फरक नीट समजून घ्यावा लागेल. स्क्रीनला कुलूप लावणे, खाते बदलणे आणि साइन आउट करणे या तीन वेगळ्या क्रिया आहेत, आणि अभ्यासिकेत तिन्हींना सरसकट ‘लॉगआउट केले’ म्हणतात. कुलूप लावले की सत्र, म्हणजे लॉगिनपासून साइन आउटपर्यंतचा त्या खात्याचा वापर, तेच राहते, फक्त पडदा झाकला जातो. त्यामुळे गाणे चालू असेल तर ते चालूच राहते आणि त्यात बिघाड काही नाही. खाते बदलले की पहिले सत्र मागे जिवंत राहते आणि दुसरे पुढे येते. साइन आउट केले की पहिले सत्र संपते आणि त्यातले प्रोग्रामही. वाद फक्त मधल्या प्रकारात उद्भवतो. कुलपाच्या पडद्यावर ‘स्विच यूजर’चे बटण असते, ते दाबून पुढचा माणूस बसतो आणि आधीच्याचे सत्र मागे तसेच राहिले आहे, याची दोघांनाही कल्पना नसते.

विंडोजमध्ये ही सोय २००१ साली एक्सपीबरोबर आली. तिथे आवाज सांभाळणारी सेवा संपूर्ण यंत्रासाठी एकच असते आणि सगळ्या सत्रांचे आवाज तिच्याकडे येऊन मिसळतात. मागे गेलेल्या सत्राचा आवाज ती आपणहून बंद करत नाही. तो प्रोग्राम स्वतःहून थांबला तर थांबला. ब्राउझरमधले व्हिडिओ सहसा थांबत नाहीत. म्हणून सकाळच्या मुलाने खाते न बंद करता सोडलेले एमपीएससीचे लेक्चर दुपारच्या मुलीच्या कानात वाजते. ती व्हॉल्यूम मिक्सर उघडून पाहते, तर तिथे काहीच दिसत नाही, कारण मिक्सरमध्ये फक्त आपल्याच सत्रातले प्रोग्राम दिसतात. मुख्य आवाज बंद केला तर तिचाही बंद होतो, कारण तो उपकरणाचा असतो, खात्याचा नाही. इथे बरेच जण यंत्रात व्हायरस शिरला असे समजतात.

खरा उपाय टास्क मॅनेजरमध्ये आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबावे, ‘यूजर्स’ हा टॅब उघडावा. मागे राहिलेली खाती तिथे ‘डिस्कनेक्टेड’ म्हणून दिसतात. त्यावर राइट क्लिक करून साइन ऑफ करता येते, पण त्यासाठी अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात आणि त्या माणसाचे न साठवलेले काम जाते. जिथे अ‍ॅडमिन समोर नसतो तिथे सरळ रीस्टार्ट करणे हाच मार्ग. त्याने सगळीच सत्रे संपतात.

कायमचा बंदोबस्त हवा असेल तर ‘स्विच यूजर’ हा पर्यायच लपवता येतो. विंडोज प्रोमध्ये ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टम, लॉगऑन या वाटेने ‘हाइड एंट्री पॉइंट्स फॉर फास्ट यूजर स्विचिंग’ ही नोंद सापडते. ती ‘एनेबल्ड’ करायची. याची एक किंमत आहे आणि ती बसवणारा सांगत नाही: यानंतर कोणी स्क्रीनला कुलूप लावून चहाला गेला आणि परतलाच नाही, तर पुढच्याला यंत्र रीस्टार्टच करावे लागेल. अभ्यासिकेत आम्ही हा त्रास पत्करण्याजोगा मानतो. कार्यालयात, जिथे अर्धवट काम उघडे असते, तिथे नाही.

विंडोजवरच्या ‘आवाजच नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा वेगळे कारण निघते. एखादा प्रोग्राम साउंड उपकरण पूर्णपणे स्वतःकडे घेऊ शकतो, आणि तो मागच्या सत्रात उघडा असेल तर पुढच्याला काही ऐकू येत नाही. साउंडच्या जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये त्या उपकरणाच्या प्रॉपर्टीजमधला ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅब उघडावा आणि ‘एक्सक्लुझिव्ह कंट्रोल’ची खूण काढून टाकावी. सामाईक यंत्रावर ती खूण ठेवण्याचे काही कारण नाही.

आता लिनक्स, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. तिथे आवाजाचा सर्व्हर, म्हणजे प्रोग्रामांचा आवाज साउंड कार्डापर्यंत पोचवणारा जुना पल्सऑडिओ किंवा नवा पाइपवायर, प्रत्येक खात्याचा स्वतंत्र असतो. साउंड कार्ड मात्र एक. मग ते कोणी वापरायचे हे लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीचा ‘लॉगिनडी’ हा भाग ठरवतो. जो माणूस आत्ता पडद्यासमोर बसला आहे, त्याच्या खात्याला साउंड कार्डच्या फायलींवर परवानगी दिली जाते. खाते बदलले की जुन्याची परवानगी काढून नव्याला मिळते. हे सेकंदाच्या आत घडते. जुन्या खात्याचा सर्व्हर परवानगी गेल्याचे पाहतो आणि कार्ड सोडून देतो. त्यामुळे लिनक्सवर मागच्या सत्राचा आवाज बंद होणे हीच योग्य वागणूक आहे. ती बिघाड समजून ‘दुरुस्त’ केली की खरा बिघाड सुरू होतो.

आवाज गेल्यावर मागे काय होते ते सर्व्हरवर अवलंबून असते. पल्सऑडिओ कार्ड नुसते स्थगित करतो, त्यामुळे मागच्या सत्रातला व्हिडिओ बहुधा जिथल्या तिथे अडकतो. पाइपवायरमध्ये कार्ड यादीतूनच नाहीसे होते आणि त्याच्या जागी ‘डमी आउटपुट’ हे नावापुरते उपकरण येते. लेक्चर पुढे सरकत राहते, फक्त ऐकू येत नाही. परत आलेला विद्यार्थी मग ‘माझी वीस मिनिटे गेली’ म्हणतो, आणि ते खरेच असते. फेडोरा या लिनक्सने २०२१ साली ३४ व्या आवृत्तीपासून, उबुंटूने २२.१० पासून आणि मिंटने २२ पासून पाइपवायर हा मूळ पर्याय केला. म्हणजे मिंट २१ असलेल्या आणि मिंट २२ असलेल्या शेजारशेजारच्या दोन यंत्रांची वागणूक वेगळी दिसली, तर त्यात नवल नाही.

आता तो ‘दुरुस्ती’चा प्रकार. लिनक्समध्ये ‘ऑडिओ’ नावाचा एक गट असतो. लॉगिनडीच्या आधीच्या काळात साउंड कार्ड वापरायचे तर खाते या गटात घालावे लागे. इंटरनेटवर तो सल्ला अजून फिरतो आणि मदतीला आलेला माणूस तो प्रामाणिकपणे अमलात आणतो: सगळी खाती ऑडिओ गटात. तात्पुरता आवाज येतोही. पण गटातल्या खात्याला परवानगी कायमची मिळालेली असते. पडद्यासमोर तो बसलेला असो वा नसो. खाते बदलल्यावर त्याच्या सर्व्हरला परवानगी गेल्याचे कळतच नाही, कारण ती गेलेलीच नसते. तो कार्ड धरून बसतो. बहुतेक मदरबोर्डांवरच्या अ‍ॅनालॉग साउंडला एका वेळी एकच वाजवणारा चालतो. दुसऱ्याचा सर्व्हर कार्ड मागायला गेला की ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ असे उत्तर येते आणि त्याच्या कानात शांतता.

‘काल येत होता, आज नाही’ याचे उत्तरही इथेच आहे. काही वाजत नसेल तर पल्सऑडिओ आणि पाइपवायर दोघेही सुमारे ५ सेकंदांनी कार्ड बंद करून मोकळे होतात. म्हणजे मागच्या सत्रातला माणूस जाताना व्हिडिओ थांबवून गेला असेल, तर पुढच्याला आवाज मिळतो. चालू ठेवून गेला असेल, तर मिळत नाही. दोष खरे तर रोज तिथेच असतो, फक्त कोणी काय उघडे ठेवून उठले त्यावर तो दिसायचा की नाही हे ठरते. तंत्रज्ञ येतो तेव्हा यंत्र नुकतेच चालू केलेले असते, मागे कोणाचेही सत्र नसते, आवाज खणखणीत येतो आणि तो ‘ओके’ लिहून निघून जातो.

यात एक खोच अशी आहे की कोणीही काही चूक न करताही हे घडते. डेबियन इन्स्टॉल करताना जे पहिले खाते तयार होते, ते इन्स्टॉलर आपणहून ऑडिओ गटात घालतो. नंतर वाढवलेली खाती त्यात नसतात. पहिले खाते कोणाचे असते? ग्रंथपालांचे किंवा सोसायटीच्या सेक्रेटरींचे. त्यांनी सकाळी काही लावून ठेवले आणि खाते बदलून दिले, की दिवसभर बाकीच्यांना आवाज नाही. उबुंटूत पहिले खाते या गटात जात नाही, त्यामुळे तिथे हा प्रकार सल्ला ऐकूनच होतो.

तपासणी सोपी आहे. वृत्तपत्रात आज्ञा देवनागरीत लिहाव्या लागतात. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहायच्या खिडकीत, त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप कराव्यात; ‘सुडो’ने सुरू होणारी आज्ञा अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालते. ‘ग्रुप्स’ ही आज्ञा आणि पुढे खात्याचे नाव दिले की ते कोणत्या गटांत आहे ते दिसते. त्यात ‘ऑडिओ’ असेल तर ‘सुडो जीपासडब्ल्यूडी’, मग वजाचे चिन्ह आणि त्याला चिकटून ‘डी’, मग खात्याचे नाव, मग ‘ऑडिओ’ असे लिहिल्यावर खाते गटातून निघते. यानंतर रीस्टार्ट करावेच. चालू सत्राला जुनाच गट चिकटून राहतो, आणि ‘काढले तरी फरक नाही’ ही तक्रार तिथूनच येते.

कार्ड नेमके कोणी धरले आहे हे पाहायचे असेल तर ‘सुडो फ्यूझर’, वजा ‘व्ही’ आणि पुढे ‘डेव्ह’ खालच्या ‘एसएनडी’ फोल्डरमधल्या सगळ्या फायली, म्हणजे शेवटी तारांकित चिन्ह. उत्तरात फाइल, खाते आणि प्रोग्राम अशी नावे येतात. ‘कंट्रोल’ने सुरू होणारी फाइल दोन-तीन खात्यांनी उघडलेली दिसली तरी घाबरू नये, ती अनेकांना चालते. नजर ठेवायची ती ‘पीसीएम’ने सुरू होणाऱ्या फायलींवर. त्यांचे शेवटचे अक्षर ‘पी’ असेल तर ती वाजवण्याची, ‘सी’ असेल तर ध्वनिमुद्रणाची. ‘पी’वाल्या ओळीत समोर न बसलेल्या माणसाचे नाव दिसले की चोर सापडला. सुडोशिवाय ही आज्ञा दिली तर दुसऱ्या खात्यांचे प्रोग्राम दिसत नाहीत आणि यंत्र निर्दोष असल्याचा भास होतो.

परवानगी कोणाकडे आहे ते ‘गेटएफएसीएल’ दाखवते. त्याच फोल्डरमधली ‘कंट्रोलसी०’ ही फाइल तिला द्यावी; यातला शून्याआधीचा ‘सी’ मात्र मोठ्या अक्षरात. ‘यूजर’ या शब्दापुढे आत्ता समोर बसलेल्याचेच नाव हवे. कोणकोणती सत्रे जिवंत आहेत ते ‘लॉगिनसीटीएल लिस्ट-सेशन्स’ सांगते, आणि ‘लॉगिनसीटीएल टर्मिनेट-सेशन’पुढे क्रमांक दिला की ते सत्र संपते. अर्थात त्यातले न साठवलेले कामही. हे सगळे ठीक असूनही परत आलेल्या खात्यात ‘डमी आउटपुट’च राहिले असेल, तर त्याच खात्यात, सुडो न लावता, ‘सिस्टमसीटीएल’, दोन वजा आणि ‘यूजर’, मग ‘रीस्टार्ट वायरप्लंबर पाइपवायर पाइपवायर-पल्स’ एवढे पुरते. सुडो लावून ही आज्ञा दिली की ती भलत्याच ठिकाणी जाते.

एक अपवाद नोंदवतो. संगीत ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना ऑडिओ गटाची शिफारस वेगळ्या कारणासाठी केली जाते: त्या गटाला प्रोसेसरचा वेळ अग्रक्रमाने मिळावा अशी मुभा दिलेली असते. हार्मोनियम-तबल्याचे मुद्रण करणाऱ्याच्या घरच्या, एकट्याच्या यंत्रावर हे योग्य आहे. सामाईक यंत्रावर तीच मुभा निराळा गट करून द्यावी.

आवाजापेक्षा गंभीर बाब मायक्रोफोनची आहे आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. साउंड कार्डच्या फायलींत वाजवण्याची आणि ऐकण्याची अशा दोन्ही बाजू असतात. ऑडिओ गटात असलेले खाते पडद्यासमोर नसतानाही मायक्रोफोन उघडू शकते. नेटवर्कवरून, दुसऱ्या खोलीतून लॉगिन केलेले असले तरीही. समोर बसलेली व्यक्ती ऑनलाइन मुलाखत देत असेल, बँकेशी बोलत असेल किंवा डॉक्टरांचा सल्ला घेत असेल. लॉगिनडीने परवानगी ‘समोर बसलेल्यालाच’ बांधली त्याचे हेही कारण आहे. सगळ्यांना ऑडिओ गटात घालणे म्हणजे सोसायटीच्या प्रत्येक सभासदाला दुसऱ्याच्या घराची चावी देणे. विंडोजवरही व्हिडिओ कॉल चालू ठेवून खाते बदलले तर तो प्रोग्राम मागे चालू राहतो आणि मायक्रोफोन उघडा राहू शकतो; कॉल बंद करूनच उठावे.

आवाजाची पातळी हाही लहान वाटणारा पण कानाला लागणारा विषय. लिनक्सवर प्रत्येक खात्याची पातळी आणि निवडलेले उपकरण त्या खात्यातच साठवले जाते, आणि सत्र पुढे आले की ते पुन्हा लागू होते. एकाने हेडफोनवर २० टक्के ठेवले, दुसऱ्याने जुन्या मंद स्पीकरसाठी १०० टक्के. खाते बदलताना हेडफोन कानावरच असेल तर दणका बसतो. तसेच एकाच्या खात्यात एचडीएमआय मॉनिटर निवडलेला असतो, ज्याला स्पीकरच नाहीत, आणि तो तारा तपासत बसतो. नवे खाते उघडून देताना एकदा त्यात शिरून योग्य उपकरण निवडावे आणि पातळी ३० ते ४० टक्क्यांवर आणून ठेवावी. ब्लूटूथ हेडफोन सामाईक यंत्रावर नकोतच. जोडणी यंत्राची असते, पण तिचा ताबा एखाद्या सत्राच्या सर्व्हरकडे जातो. कधी तो लॉगिनच्या पडद्याचाच सर्व्हर असतो. तारेचा हेडफोन स्वस्त आणि बिनबोभाट.

हो, लॉगिनच्या पडद्यालाही स्वतःचे खाते आणि स्वतःचा सर्व्हर असतो. इथे आम्हाला ज्या वाचकांची सर्वांत काळजी वाटते, त्यांच्याकडे येतो. दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचे वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, काम करतात: विंडोजवर बहुधा एनव्हीडीए, लिनक्सवर ऑर्का. दोन्हींबरोबर चालणारे, मजकूर बोलून दाखवणारे ईस्पीक-एनजी मराठीही वाचते. डोळस माणसाला खाते बदलताना आवाज गेला तर गैरसोय होते. दृष्टिहीन माणसाचा त्या क्षणी पडदाच जातो. लिनक्सवर खाते बदलताना साउंड कार्ड पहिल्या माणसाकडून लॉगिनच्या पडद्याकडे आणि तिथून दुसऱ्याकडे, असे दोनदा हात बदलते. मधल्या टप्प्यावर ते अडकले तर पासवर्डच्या चौकटीत आपण आहोत की नाही, हेही कळत नाही.

लिनक्सवर नोम डेस्कटॉप असेल तर लॉगिनच्या पडद्यावर ऑल्ट, विंडोज-कळ आणि एस दाबून ऑर्का सुरू होतो. तो बोलला नाही तर वर सांगितलेली ‘पी’वाली ओळ तपासावी. डेबियन बोलत्या इन्स्टॉलरने बसवले असेल तर ‘ईस्पीकअप’ ही कन्सोलसाठीची, म्हणजे नुसत्या मजकुराच्या पडद्यासाठीची, सेवा मागे राहते. ती रूट या सर्वाधिकारी खात्याने थेट कार्डाशी बोलते आणि कोणत्याही सत्राचे नियम तिला लागू होत नाहीत. काळ्या कन्सोलवर कोणी काम करत नसेल तर ती बंद करावी. विंडोजवर एनव्हीडीएच्या सेटिंग्जमधल्या ‘जनरल’ विभागात साइन-इनच्या वेळी एनव्हीडीए वापरण्याचा पर्याय आहे. तो अ‍ॅडमिनने चालू करावा लागतो आणि पोर्टेबल प्रतीत मिळत नाही. शेजारीच सध्याची सेटिंग्ज साइन-इनच्या पडद्याला लागू करण्याचे बटण आहे. ते दाबण्याआधी आउटपुट उपकरण ‘डीफॉल्ट’वर आहे ना ते पाहावे. नाहीतर अ‍ॅडमिनच्या खात्यात निवडलेल्या, आता यंत्राला नसलेल्या हेडफोनचे नावही तिथे जाऊन बसते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या ४२ व्या कलमात माहिती-तंत्रज्ञान सुलभ असण्याची तरतूद आहे. वाचनालयाचा बोलता संगणक लॉगिनलाच मुका होत असेल तर रॅम्प बांधून दाराला कडी घातल्यासारखेच ते.

घरी उलट मागणी असते. नेरूळच्या दोन खोल्यांच्या घरात आजोबांच्या खात्यातले अभंग चालू राहावेत आणि नातीने आपल्या खात्यात गृहपाठ करावा. विंडोजवर हे आपोआप होते. लिनक्सवर पहिल्या खात्याच्या सर्व्हरला ४७१३ या पोर्टवर, फक्त यंत्राच्या आतून, ऐकायला लावून दुसऱ्याला त्याच्याशी जोडता येते. किंवा पल्सऑडिओ संपूर्ण यंत्रासाठी एकच चालवता येतो, जे त्याचे कर्ते स्वतःच टाळायला सांगतात. दोन्हींत मायक्रोफोनचा वर सांगितलेला धोका परत येतो. आमच्या मते अभंगांसाठी फोन आणि एक छोटा स्पीकर बरा.

आणि हे सगळे करण्याआधी एक साधी परीक्षा. यंत्र रीस्टार्ट करून सर्वांत आधी लॉगिन करणाऱ्यालाही आवाज येत नसेल, तर प्रश्न सत्राचा नाही. पुढच्या पॅनेलची मदरबोर्डला जाणारी वायर सैल आहे का ते पाहा, हेडफोन मागच्या हिरव्या जॅकला लावून पाहा. त्याला येतो आणि दुसऱ्याला नाही, तेव्हाच वरचे सारे वाचा.

संस्थाचालकांना आमची एकच विनंती आहे. वार्षिक देखभाल करारात आणि नव्या यंत्राच्या स्वीकृतीत खाते बदलण्याची चाचणी लेखी घाला. दहा मिनिटांचे काम आहे. यंत्र रीस्टार्ट करावे, अ‍ॅडमिनच्या खात्यात लांब ध्वनिफीत लावावी आणि ती चालू ठेवून साध्या खात्यात जावे. पहिले खाते अ‍ॅडमिनचेच हवे. दोन साधी खाती घेतली तर डेबियनवरचा दोष सापडतच नाही, आणि नेमकी तीच दोन खाती घेऊन चाचणी उरकली जाते. लिनक्सवर जुना आवाज थांबला पाहिजे, नव्या खात्यातला लगेच आला पाहिजे, मायक्रोफोनवर मुद्रण झाले पाहिजे, आणि परत गेल्यावर जुना आवाजही परत आला पाहिजे. साइन आउट करून तपासत असाल तर पुढच्या लॉगिनआधी दहा-पंधरा सेकंद थांबा. आधीच्या खात्याच्या सेवा बंद व्हायला लिनक्स तेवढा वेळ घेते. मग लॉगिनच्या पडद्यावर स्क्रीन रीडर चालू करून तो बोलतो का ते ऐकावे. विंडोजवर जुना आवाज थांबण्याची अपेक्षा धरू नये. तिथे, अभ्यासिका असेल तर, ‘स्विच यूजर’ लपवले आहे का आणि एक्सक्लुझिव्ह कंट्रोलची खूण काढली आहे का, एवढे पाहावे. चाचणी प्रत्येक यंत्रावर घ्यावी, एका यंत्रावर घेऊन बाकीच्यांवर सही करू नये, आणि सिस्टमची आवृत्ती बदलली की पुन्हा घ्यावी.

आपले,
सामाईक संगणकांची देखभाल करणारे काही वाचक,
नौपाडा, ठाणे (प.)